नवागताचे स्थान : वर्गीकरण, अंतर आणि न्याय

१

वेरूळच्या लेण्यांना १ ते ३४ असे क्रमांक आहेत. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना पहिली बारा लेणी बौद्ध, तेरा ते एकोणतीस ही हिंदू आणि तीस ते चौतीस ही जैन, अशी त्यांची सर्वपरिचित विभागणी आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की कातळाबरोबर तीही कोरली गेली असावी असे वाटू लागते. वस्तुतः हे क्रमांक एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षकांचे आहेत आणि ते डोंगराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या वाटेचा क्रम सांगतात. पण क्रमांकाला कालक्रमाचा भास चिकटतो. आधी बौद्ध, मग हिंदू, शेवटी जैन असा इतिहास पाहणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होतो. प्रत्यक्षात, एकविसावे 'रामेश्वर' आणि एकोणतिसावे 'धुमार लेणे' ही येथील सर्वांत जुन्या, म्हणजे सहाव्या शतकातील कामांपैकी असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात.

या विभागणीत न बसणाऱ्या काही गोष्टीही तेथेच आहेत. तिसाव्या लेण्याला 'छोटा कैलास' म्हणतात. ते जैन आहे. परंतु त्याची घडण सोळाव्या लेण्याच्या, राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळातील कैलासाच्या धर्तीवर झाली आहे. उपास्य दैवत हा निकष धरला तर त्याचे सोयरे बत्तिसावी 'इंद्रसभा'. रूपबंध हा निकष धरला तर सोळावे लेणे. पंधराव्या 'दशावतार' लेण्यात दंतिदुर्गाचा लेख आहे आणि भिंतींवर शिवविष्णूंचे शिल्पपट आहेत. मात्र त्याच्या मूळ आराखड्यात बौद्ध विहाराची छाया अभ्यासकांना दिसते. शहरालगत, विद्यापीठामागच्या डोंगरातील बौद्ध लेण्यांच्या सान्निध्यात तर एक लहान लेणे असे आहे की ज्यात गणेश, सप्तमातृका आणि बुद्ध एकाच छताखाली आहेत.

येथे उपस्थित होणारा प्रश्न पुरातत्त्वाचा नाही. गट एकदा ठरले, त्यांना नावे मिळाली आणि त्यानंतर एखादी नवी वस्तू समोर आली, तर तिचे स्थान कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे, हा तो प्रश्न आहे. अजिंठ्यात मूळ क्रमांकन झाल्यानंतर उजेडात आलेल्या एका लहान लेण्याला '१५ अ' असा क्रमांक द्यावा लागला. व्यवस्था जशीच्या तशी राहिली. नवागताला एक उपाक्षर मिळाले. लेण्याच्या बाबतीत यात कुणाचे काही बिघडत नाही. नवागत हा माणूस असेल किंवा माणसाच्या अनुभवातून आलेली साहित्यकृती असेल, तर मात्र या उपाक्षराचा नैतिक अर्थ तपासावा लागतो. आज हा निर्णय मोठ्या प्रमाणावर संगणकावर सोपवला जात असल्याने तो तपासण्याची निकड वाढली आहे.

२

संगणकीय वर्गीकरणात 'क्लस्टरिंग' किंवा समूहन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विधींचा एक मोठा परिवार आहे. त्यांपैकी सर्वाधिक परिचित विधी 'के-मीन्स' हा होय. स्टुअर्ट लॉइड यांनी १९५७ मध्ये त्याची मांडणी केली. त्याचे आजचे नाव जेम्स मॅक्वीन यांच्या १९६७ मधील निबंधामुळे रूढ झाले. त्याची रीत साधी आहे. प्रत्येक वस्तू काही मोजमापांनी दर्शवली जाते, म्हणजे ती अनेक अक्षांच्या अवकाशातील एक बिंदू होते. गट किती असावेत हे आधी ठरवले जाते. तितके केंद्रबिंदू घेतले जातात, प्रत्येक वस्तू जवळच्या केंद्राला जोडली जाते, मग प्रत्येक गटाची सरासरी काढून केंद्र सरकवले जाते. केंद्रे स्थिर होईपर्यंत ही क्रिया चालते. त्यानंतर एखादा नवा बिंदू आला की त्याचे सर्व केंद्रांपासूनचे अंतर मोजतात आणि जे केंद्र सर्वांत जवळ, त्या गटात त्याला घालतात.

या प्रक्रियेत तीन वेगवेगळ्या कृती एकत्र गुंफलेल्या आहेत. पहिली कृती गट पाडण्याची, दुसरी गटांना नाव देण्याची आणि तिसरी नवागताला गटात घालण्याची. पहिल्या कृतीत गट निनावी असतात. यंत्राला 'पहिला', 'दुसरा', 'तिसरा' एवढेच ठाऊक असते. नाव माणूस देतो. तिसऱ्या कृतीत मात्र नवागताला नाव आयतेच मिळते. त्याचे केवळ स्थान ठरते असे नाही, तर त्या नावाचा सारा पूर्वेतिहास त्याच्या पदरात पडतो. या तिन्ही कृतींची जबाबदारी वेगवेगळी आहे. व्यवहारात त्या एकच कृती असल्याप्रमाणे वागवल्या जातात आणि तिसऱ्या कृतीतील गणिती अचूकता पहिल्या दोन कृतींतील निवडीवर पांघरूण घालते.

निवड किती आहे हे पाहण्यासारखे आहे. गट तीन की सात, हे मोजणाऱ्याने ठरवले. कोणते गुण मोजायचे, हे त्यानेच ठरवले. उंची इंचांत मोजायची की सेंटिमीटरांत, एवढ्यानेही साध्या अंतरात फरक पडतो; कारण ज्या अक्षावरचे आकडे मोठे, त्याचे वजन अधिक. शिवाय के-मीन्सला 'कोणत्याच गटात नाही' असे उत्तर देता येत नाही. नवा बिंदू सर्व केंद्रांपासून कितीही दूर असला, तरी त्यांतल्या त्यात जवळचे एक केंद्र असतेच आणि तेथे तो जमा होतो. 'सर्वांत जवळचा' या शब्दप्रयोगात 'जवळचा' असण्याची हमी नसते. १९९६ मध्ये पुढे आलेल्या 'डीबीस्कॅन' या विधीने, पुरेशी दाट वस्ती ज्याच्या भोवती नाही अशा बिंदूला गटाबाहेर ठेवण्याची सोय केली. पण त्या बिंदूंना दिलेले पारिभाषिक नाव 'गोंगाट' असे आहे. गटात न बसणाऱ्याला एकतर जबरदस्तीने आत घ्यायचे किंवा त्याला गोंगाट म्हणायचे, ही द्विधा गणिताबाहेरच्या समाजालाही अपरिचित नाही.

मग उत्तम, निर्दोष, 'नैसर्गिक' असा एखादा समूहनविधी शोधता येईल काय? जॉन क्लाइनबर्ग यांनी २००२ मध्ये या प्रश्नाला गणिती उत्तर दिले. अशा विधीकडून तीन वाजवी अपेक्षा धराव्यात. मापनाचे एकक बदलल्याने गट बदलू नयेत. कोणतीही विभागणी तत्त्वतः शक्य असावी. आणि गटातील सदस्य आणखी जवळ आले व गटागटांतील अंतर वाढले, तर विभागणी तीच राहावी. या तिन्ही अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करणारा विधी असू शकत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. म्हणजे प्रत्येक विधी काही सोडून देतो. काय सोडायचे याचा निर्णय प्रयोजनावर अवलंबून असतो आणि प्रयोजन हे वस्तूंचे नसते, वर्गीकरण करणाराचे असते.

३

भारतीय तत्त्वचिंतनात हा वाद फार जुना आहे आणि मराठी वाचकाला त्याची परिभाषा परकी वाटू नये. कारण ज्या शब्दाने न्यायवैशेषिकांनी 'सामान्य' या पदार्थाचा निर्देश केला, तोच शब्द समाजव्यवस्थेनेही उचलला आहे. तो शब्द म्हणजे 'जाती'. नैयायिकांच्या मते अनेक व्यक्तींमध्ये अनुगत असलेली, नित्य अशी जाती खरोखरच अस्तित्वात असते. परंतु प्रत्येक समान धर्म जाती ठरत नाही. उदयनाचार्यांनी सांगितलेल्या सहा जातिबाधकांपैकी एक आहे 'संकर'. दोन धर्म कुठे एकत्र आढळतात आणि कुठे परस्परांना सोडूनही राहतात, तेव्हा त्यांना खरी जाती मानता येत नाही. भूतत्व आणि मूर्तत्व यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे : आकाश भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही आणि पृथ्वी दोन्ही आहे. छोटा कैलास या कसोटीला लावला तर वेरूळच्या विभागणीचीही तीच अवस्था होते. संकर आढळला तर वस्तूला दोष न देता वर्गाची योग्यता काढून घ्यावी, हा या विचारातील महत्त्वाचा भाग आहे. समाजशास्त्राच्या धर्मग्रंथी परंपरेने याच शब्दाचा उलटा उपयोग केला. तेथे संकर हा वर्गाचा दोष राहिला नाही. तो संकरातून जन्मलेल्या माणसाचा दोष झाला.

बौद्ध तर्कशास्त्राने सामान्याचे अस्तित्वच नाकारले. दिङ्नागाच्या अपोहसिद्धान्तानुसार 'गाय' या शब्दाने गोत्व नावाच्या एखाद्या वस्तूचा बोध होत नाही. जे गाय नाही त्याची व्यावृत्ती होते. धर्मकीर्तीने याला प्रयोजनाची जोड दिली : वेगवेगळ्या व्यक्ती आपले एक काम भागवतात म्हणून आपण त्यांना एका नावाखाली आणतो. जातीचा गर्व हे बुद्धिमांद्याचे लक्षण आहे असे त्यानेच म्हटले, हा योगायोग समजता येणार नाही. ज्याच्या तत्त्वमीमांसेत वर्ग वस्तूत नसून व्यवहारात असतो, त्याला जन्मसिद्ध वर्गाची प्रतिष्ठा मान्य होणे शक्य नव्हते.

आधुनिक संख्याशास्त्रातील अंतराची एक मूलभूत कल्पना याच भूमीतील वर्गीकरणाच्या पेचातून जन्माला आली आहे. १९२० मध्ये नागपूरला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनात प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनन्डेल यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापने विश्लेषणासाठी प्रशान्तचंद्र महालनोबिस यांच्याकडे सोपवण्याचे ठरवले. या कामातून पुढे १९३६ मध्ये 'व्यापक अंतरा'ची संकल्पना सिद्ध झाली, जी आज 'महालनोबिस अंतर' या नावाने जगभर वापरली जाते. ज्या लोकसमूहावरून हा विचार सुरू झाला तो रूढ कोष्टकांपैकी कोणत्याच रकान्यात नीट न बसणारा होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. महालनोबिस अंतराचे वैशिष्ट्य असे की ते केवळ केंद्रापासूनचे सरळ अंतर मोजत नाही. गटाच्या आतला विस्तार आणि गुणांचे परस्परसंबंध ते हिशेबात धरते. ज्या गटात मुळातच विविधता अधिक आहे, त्याच्या केंद्रापासून बराच दूर असलेला बिंदूही त्या गटाचा असू शकतो. आणि चिंचोळ्या गटाच्या केंद्राजवळ दिसणारा बिंदू त्या गटाला परका असू शकतो. दुसऱ्याला आपल्यापासून किती दूर मानायचे हे ठरवताना स्वतःच्या घरातील भेदांचा हिशेब आधी मांडला पाहिजे, असा बोध यातून निघतो. तो महालनोबिसांना अभिप्रेत नसेल. पण समीक्षेने तो घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्रात या दिशेने सर्वांत चिकाटीचे काम इरावती कर्वे यांनी केले. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवटीच्या असममितीवर प्रबंध लिहिला. युरोपीय कवटीचे वेगळेपण त्यातून सिद्ध व्हावे अशी अपेक्षा होती. कर्वे यांच्या मोजमापांतून ते सिद्ध झाले नाही आणि त्यांनी तसे नोंदवले. गटांची नावे आधी ठरलेली असताना मोजमापाला त्या नावांविरुद्ध बोलू देणे ही वैज्ञानिक सचोटी तर आहेच, पण नैतिक धैर्यही आहे. पुढे १९६८ मध्ये कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील, एकाच दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. एका नावाखाली नांदणारे हे गट एकजिनसी नव्हते. मूळच्या एका समाजाचे तुकडे होत जाती तयार झाल्या हे चित्र कर्वे यांना मान्य नव्हते; आधीच वेगळे असलेले गट शेजारी येऊन जातिव्यवस्था रचली गेली, अशी त्यांची मांडणी होती. समूहनशास्त्रातही हे दोन मार्ग आहेत : वरून विभाजन करत खाली येणारा आणि खालून जोडत वर जाणारा. कोणता मार्ग घेतला यावर नावाचा अर्थ बदलतो. पहिल्यात नाव हे उगमाचे साक्षीपत्र होते. दुसऱ्यात ती शेजाराची नोंद असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यतेवरील आपल्या ग्रंथात याच शरीरमापनाचा वेगळा उपयोग केला. घुर्ये यांनी दिलेले नासिकामापाचे आकडे घेऊन, मानवमितीवर विश्वास ठेवायचा असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य यांना भिन्न वंशांचे म्हणता येत नाही, असे त्यांनी दाखवले. 'असेल तर' हा या युक्तिवादाचा कणा आहे. प्रतिपक्षाची मोजपट्टी घेऊन तिच्यानेच प्रतिपक्षाचा निष्कर्ष मोडायचा, पण मोजपट्टीला अंतिम प्रामाण्य द्यायचे नाही. कारण वंश एक असला तरी अस्पृश्यता संपत नव्हती. वर्ग मोजमापातून आलेला नव्हता, म्हणून तो मोजमापाने जाणारही नव्हता.

४

साहित्यसमीक्षा ही वर्गीकरणाची कृती आहे हे मान्य करायला समीक्षक सहसा नाखूष असतात. परंतु 'ग्रामीण', 'दलित', 'स्त्रीवादी', 'महानगरीय' ही विशेषणे हाताशी घेतल्याशिवाय मराठी समीक्षेचे पान पुढे सरकत नाही. नवे पुस्तक आले की ते कोणत्या ज्ञात पुस्तकाजवळ आहे हे पाहिले जाते आणि त्या पुस्तकासाठी घडवलेली परिभाषा नव्या पुस्तकाला लावली जाते. ही रीत तत्त्वतः के-मीन्सच्या तिसऱ्या कृतीहून वेगळी नाही.

१९७८ मध्ये दया पवार यांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले. त्याभोवती आणि त्यानंतरच्या लेखनाभोवती 'दलित आत्मकथन' हा प्रकार स्थिरावला. गावकुसाबाहेरची वस्ती, बलुत्याची व्यवस्था, अपमानाची स्मृती, शिक्षणाने उघडलेली वाट असे त्या प्रकाराचे केंद्र समीक्षेने निश्चित केले. हे केंद्र ठरवताना खुद्द 'बलुतं'मधील बरेच काही बाजूला पडले. मुंबईच्या कावाखान्यातील जीवन त्या पुस्तकात गावाइतकेच सघन आहे. आणि दगडू पवारने दया पवारला आपली कहाणी सांगावी अशी जी दुभंग निवेदनाची रचना आहे, ती अनुभवाच्या अक्षावर मोजताच येत नाही. ज्या पुस्तकावरून केंद्र काढले तेच पुस्तक केंद्रापासून काहीसे दूर राहिले. सरासरीचा हा स्वभावच असतो. सरासरी ज्या बिंदूवर येते, तेथे बहुधा कोणीच राहत नसते.

१९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले आणि ते जवळच्या केंद्राला जोडले गेले. भूक, अवहेलना, जातपंचायत, शिक्षणाची ओढ ही साम्ये खरी आहेत. परंतु कैकाडी कुटुंबाच्या भटकंतीत गाव हेच मुळी स्थिर नाही. ज्याला गावकुसाबाहेर का होईना, पण ठरलेली जागा आहे, त्याच्या दुःखाचा आकार आणि गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्याच्या दुःखाचा आकार सारखा नसतो. एकाला गावाने दिलेले स्थान नाकारायचे आहे; दुसऱ्याला कोणत्याही गावाने स्थान दिलेले नाही. बलुत्याच्या अक्षावर या दुसऱ्या अनुभवाला मूल्यच नाही, शून्यही नाही. तो अक्षच त्याला लागू पडत नाही. 'उपरा' या शीर्षकाने हे आधीच सांगून ठेवले होते. भटक्या-विमुक्तांच्या साहित्याचा स्वतंत्र विचार पुढे सुरू झाला, तेव्हा समीक्षेने केंद्र सरकवले असे म्हणता येईल. परंतु ते सरकेपर्यंत वाचनातून निसटलेले पुन्हा मिळवणे सोपे नव्हते.

लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. येथे वर्गीकरणाचा प्रश्न साहित्याच्या आधी जीवनातच उभा आहे. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश सत्तेने काही जमातींना 'गुन्हेगार' ठरवण्याची सोय केली. अशा जमातीत जन्मलेले मूल हा नवा बिंदू. त्याच्याविषयी एकही गोष्ट मोजलेली नसताना त्याचा गट ठरलेला. मागील नोंदींवरून पुढच्या व्यक्तीविषयी अनुमान काढायचे, ही तिसऱ्या कृतीची रीत येथे शिक्षेचे साधन झाली. १९५२ मध्ये देशभरात हा कायदा संपुष्टात आला, जमाती 'विमुक्त' झाल्या. पण १९५९ चा मुंबईचा सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला आणि पोलिसांच्या नजरेतील केंद्र हलले नाही. 'उचल्या' हे नाव इतरांनी दिलेले, दोषारोपाचे नाव आहे. गायकवाड यांनी तेच ग्रंथाचे शीर्षक केले. गटाला नाव देण्याची जी दुसरी कृती इतरांनी केली होती, ती त्यांनी जाहीरपणे वाचकासमोर ठेवली आणि नाव देणाऱ्यालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले.

बाबुराव बागुलांच्या १९६३ मधील 'जेव्हा मी जात चोरली होती' या शीर्षककथेत या सगळ्याचे सार आहे. नायकाचे वागणे, बोलणे, त्याची बुद्धी यांत कथेच्या आरंभापासून शेवटपर्यंत कोणताही फरक पडत नाही. फरक पडतो तो एका माहितीने. दृश्य गुणांवरून त्याला एका गटात घातले गेले होते. नाव कळताच तेच गुण दुसऱ्या गटातले ठरतात आणि मारहाण सुरू होते. मोजमापातून वर्ग निघतो हा दावा येथे उघडा पडतो. वर्ग आधी असतो. मोजमाप त्याला अनुकूल असेपर्यंतच मानले जाते.

५

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. वर्गीकरण हेच अन्यायाचे मूळ मानले तर न्यायाचे साधनही हातातून जाते. अनुसूचित जातींची यादी नसेल तर आरक्षण नाही. 'दलित' ही संज्ञा नसेल तर चळवळ नाही. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात १९६० च्या दशकात जो साहित्यविचार आकाराला आला आणि गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने जो पुढे कित्येक दशके चालवला, तो 'आम्ही वेगळे आहोत' या घोषणेवरच उभा होता. १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत मराठवाड्याने पाहिलेला संघर्ष हाही नावाचाच संघर्ष होता आणि त्यात घरे जळली, माणसे मारली गेली. ज्यांनी नावासाठी एवढी किंमत दिली, त्यांना 'सर्व नावे व्यवहारसापेक्ष आहेत' असे सांगणे ही सुस्थितांची चैन ठरण्याचा धोका आहे.

आक्षेप खरा आहे. पण त्याने मूळ प्रश्न मिटत नाही, अधिक नेमका होतो. लादलेला वर्ग आणि स्वीकारलेला वर्ग यांत भेद आहे. दुसऱ्या प्रकारात गटातील माणसेच नाव देतात, निकष ठरवतात आणि त्यांचे प्रयोजन उघड असते. धर्मकीर्तीच्या भाषेत, येथे व्यावृत्ती आहे पण वस्तुत्वाचा दावा नाही. तरीही स्वीकारलेल्या वर्गातही नवागत येतच असतो. बौद्ध साहित्य म्हणावे की दलित की आंबेडकरवादी, हा वाद. दलित स्त्रीचा अनुभव पुरुषांच्या आत्मकथनांच्या केंद्रावरून मोजावा काय, हा वाद. महानगरात वाढलेल्या पिढीचे लेखन 'पुरेसे दलित' आहे काय, ही कुजबुज. या सर्वांत तोच पेच पुन्हा उभा राहतो. अन्यायाविरुद्ध उभारलेला गटही आपल्या केंद्राची राखण करू लागतो, तेव्हा तो आपल्याच नवागताशी परक्यासारखा वागू शकतो.

शासकीय याद्यांचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या यादीत कैकाडी समाजाचा समावेश अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ हे जिल्हे आणि राजुरा तालुका वगळता चंद्रपूर जिल्हा एवढ्यापुरता आहे. उर्वरित महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींच्या प्रवर्गात येतो. राजुरा वगळला जातो, कारण तो पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. म्हणजे ज्यांचे जीवनच सीमा ओलांडण्यात गेले, त्यांचे वर्ग सीमेवरून ठरतात. या याद्या रद्द कराव्यात असा याचा निष्कर्ष नाही. यादीला स्वतःचा उगम आठवत राहिला पाहिजे, एवढाच आहे.

शिवाय माणसांचे वर्ग दगडांच्या वर्गांसारखे स्थिर राहत नाहीत. तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी दाखवल्याप्रमाणे, ज्याला नाव दिले जाते तो त्या नावाला प्रतिसाद देतो; त्यानुसार किंवा त्याविरुद्ध बदलतो आणि त्याच्या बदलण्याने वर्गही बदलतो. लेणे आपला क्रमांक वाचत नाही. लेखक वाचतो. 'दलित आत्मकथन' हा प्रकार एकदा मान्य झाल्यावर लिहिले गेलेले प्रत्येक आत्मकथन त्या मान्यतेसह लिहिले गेले आहे. संगणकाच्या वर्गांविषयीही हेच म्हणता येईल. जो तरुण कर्जासाठी अर्ज करतो आणि ज्याचे मूल्य त्याच्यासारख्या इतरांच्या व्यवहारावरून ठरते, त्याला कर्ज नाकारले गेले तर त्याची पुढची नोंदही त्या नकाराने घडते आणि तीच नोंद उद्याच्या गणनेत पुरावा म्हणून येते. अनुमान आपला पुरावा आपणच निर्माण करू लागते.

६

तेव्हा वर्गीकरण न्याय्य आहे की नाही हे विचारण्यापेक्षा, ते नवागताशी कसे वागते हे विचारणे अधिक फलदायी आहे. त्यासाठी काही कसोट्या सुचवता येतात.

पहिली कसोटी नकाराची. व्यवस्थेला 'हे यांपैकी कशातच बसत नाही' असे म्हणता येते काय आणि तसे म्हटल्यावर ती त्या नवागताला गोंगाट समजते की आपल्या अपुरेपणाची खूण समजते? दुसरी कसोटी केंद्र सरकण्याची. के-मीन्समध्ये गट पाडले जात असताना प्रत्येक बिंदू केंद्राला आपल्याकडे थोडेसे ओढतो. पण गट ठरल्यानंतर येणाऱ्याला हा अधिकार उरत नाही. जे आधी आले त्यांनी केंद्र ठरवले आणि जे नंतर आले त्यांनी ते मानायचे, हा केवळ आगमनाच्या क्रमातून निर्माण झालेला विशेषाधिकार आहे. न्याय्य व्यवस्थेत नवागतालाही, कितीही अल्प असो, पण ओढ असली पाहिजे. तिसरी कसोटी अंतराच्या उत्तरदायित्वाची. कोणते अक्ष निवडले, कोणते सोडले आणि कुणाच्या प्रयोजनासाठी, हे ज्याचे वर्गीकरण होत आहे त्याला विचारता आले पाहिजे आणि त्याला समजेल अशा भाषेत उत्तर मिळाले पाहिजे.

संगणकाने हे प्रश्न निर्माण केलेले नाहीत. मात्र त्याने ते दोन अर्थांनी कठीण केले आहेत. माणसाने केलेल्या वर्गीकरणाला निदान एक चेहरा असतो, त्याच्याशी वाद घालता येतो, त्याला लाज वाटू शकते. अंतर मोजणाऱ्या यंत्राला लाज नाही आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला 'हे गणिताने ठरवले' असे म्हणण्याची सोय आहे. दुसरी गोष्ट अशी की यंत्राला जे मोजता येते तेच अक्ष होतात. मराठी पुस्तकांची त्यांच्या शब्दसंपत्तीवरून गटवारी करायची झाल्यास, प्रमाण भाषेत लिहिलेली पुस्तके दाट वस्तीत येतील आणि कैकाडी, पारधी किंवा मराठवाडी बोलीचे शब्द वापरणारी पुस्तके विरळ कडेला पडतील. त्या कडेला पडण्याला साहित्यमूल्याचा निर्णय समजण्याची चूक करायला फार वेळ लागणार नाही. माणसांनी ती यंत्राशिवायही केलेली आहे.

समीक्षेपुरते बोलायचे तर नवे पुस्तक हाती घेतल्यावर ते कशासारखे आहे हे सांगण्याचा मोह सोडता येणार नाही. साम्याशिवाय बोध होत नाही. परंतु ते कोठे बसत नाही, हे सांगण्याचे कर्तव्यही तितकेच आहे, आणि न बसण्याचे कारण पुस्तकात शोधण्यापूर्वी वर्गात शोधले पाहिजे. 'उपरा' वाचताना बलुत्याचा अक्ष लागू पडत नाही, हे जेव्हा लक्षात येते, तेव्हा 'बलुतं'ही पुन्हा वाचावे लागते. त्यातला कावाखाना दिसू लागतो, दगडू आणि दया यांच्यातील फट दिसू लागते. नवागतामुळे जुन्यांचे वाचन बदलते. हे ज्या समीक्षेत घडते, तिच्यात नवे पुस्तक उपाक्षर होऊन राहत नाही. ज्या समीक्षेत हे घडत नाही, तिने आपल्या कोष्टकात कितीही पुस्तके सामावून घेतली, तरी त्यांतले एकही तिने वाचले, असे म्हणता येणार नाही.